मावशीच्या मिशा

देशभक्तीची टर उडवायला महाड तालुका तसा अवघड. इथं देशभक्तीला पत्ता आहे. रायगड आमच्याच तालुक्यात. गावात चवदार तळं. १० सप्टेंबर १९४२ ला नानासाहेब पुरोहितांच्या पुढाकारानं कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला. त्यातल्या पाच हुतात्म्यांची नावं गाव अजून घेतं. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी. सोन्याच्या पेढीवर बसणाऱ्याला पितळ लवकर ओळखू येतं, तसं आमचं व्हायला हवं होतं. होतंच असं नाही. म्हणून लोकनाट्यातल्या सोंगांवरची ही टिपणं.

*

गवळणीचा साचा सगळ्यांच्या ओळखीचा. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणी, वाट अडवून दान मागणारा कृष्ण, त्याचा बोबडा साथीदार पेंद्या. आणि मावशी. तमाशात आणि कोकणातल्या नमनात मावशी पुरुषच करतो. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट हनुवटीला. तोंडाला पावडर थापलेली, पण हनुवटीवरचे खुंट पावडरीतून वर आलेले. काही जण मिशीसुद्धा काढत नाहीत. चालताना लुगड्याखालून पिंडऱ्या दिसतात, त्या नांगर धरणाऱ्याच्या. मावशीला मात्र आपल्या रूपाबद्दल तिळमात्र शंका नसते. गवळणीत सर्वांत देखणी आपणच, आणि कृष्णाचा डोळा आपल्यावरच, हे ती गृहीत धरून चालते.

हसू यातूनच येतं. समोर बसलेल्या पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की हा आपल्या आळीतला अमका. फसवणूक कोणाचीच नसते. सोंग घेतलंय हे लपवायचं नसल्यामुळे मावशीला लपवण्यासारखं काही उरत नाही, आणि म्हणून ती वाटेल ते विचारू शकते. कृष्णाला देव म्हणून हात जोडणारं गाव मावशी त्याच कृष्णाला फैलावर घेते तेव्हा मांडी थोपटून हसतं. देवाची अब्रू गेली असं कोणाला वाटत नाही.

*

कशेडी घाटाच्या पलीकडे, खेडच्या बाजूला, नमन-खेळ्यांचा जोर. अलीकडे महाड-पोलादपुरात जाखडी जास्त. कोणी बाल्या नाच म्हणतं, कोणी शक्ती-तुरा. मधे शाहीर आणि ढोलकी, भोवती एका पायात चाळ बांधून फिरणारे नाचे. गण, गवळण, मग सवाल-जवाब. दोन बाऱ्या, म्हणजे पथकं, समोरासमोर आल्या की पुराणातला प्रश्न विचारता विचारता शाहीर रस्त्यावर येतो, रस्त्यावरून सरपंचावर, सरपंचावरून आमदारावर. गणपतीत आणि शिमग्यात गावी, एरवी मुंबईतल्या नाट्यगृहांत (२०२३ पर्यंत परळच्या दामोदरमध्येही) चाकरमान्यांसमोर. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून सुरू आहे. त्या रस्त्यावर जितकी गाणी रचली गेली तितकं डांबर पडलं असतं तर काम केव्हाच संपलं असतं.

*

लोकनाट्यानं देशाची चेष्टा केल्याचं मला आढळत नाही. केली ती देशभक्ताची. हा फरक ज्याला कळत नाही किंवा कळून घ्यायचा नाही, तो पहिल्या रांगेत बसलेला असतो, आणि शाल-श्रीफळाचा मान त्यालाच द्यायचा असतो.

*

अण्णा भाऊ साठ्यांचं ‘देशभक्त घोटाळे’ हे लोकनाट्य १९४६ चं. म्हणजे स्वातंत्र्य यायला अजून वर्ष होतं आणि देशभक्तीच्या धंद्यावर वग तयार होता. ‘शेटजींचे इलेक्शन’ त्याच सुमाराचं. ‘पुढारी मिळाला’ आणि ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आसपासची. वाटेगावहून चालत मुंबईला आलेला, गिरणीत आणि गिरणीबाहेर मिळेल ते काम केलेला हा माणूस. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यानं लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावात महाड-पोलादपूरचा माणूस तेव्हाही ठासून भरलेला होता.

अण्णा भाऊंनी तमाशाच्या साच्यात दोन बदल केले. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि लढणाऱ्यांना वंदन आणलं, आणि गवळण काढून टाकली. पहिला बदल नीट पाहावा. देशभक्तांच्या घोटाळ्यांवर वग लिहिणारा माणूस सुरुवात मायभूमीला वंदन करून करतो. त्याला देशाचं वावडं नव्हतंच. देशाच्या नावानं पावती फाडणाऱ्यांचं होतं.

दुसऱ्या बदलाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गवळण गेली तेव्हा मावशीही गेली. विचार पक्का झाला, पण आगाऊपणाची एक जागा कमी झाली.

*

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या नव्या सरकारनं जी कामं लवकर हाती घेतली, त्यात तमाशावरची बंदी होती. कारण अश्लीलतेचं. पुढे बंदी उठली ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. तमाशाला लोकनाट्य म्हणायची पद्धत त्याच काळात बळावली. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांनाही बंदी भोगावी लागली. पण त्यांच्या खेळात नाचणारी बाई नव्हती, गवळणही नव्हती. मग अश्लील काय होतं? पुढारी.

*

याच्या उलट बाजूचीही नोंद हवी. लुगडं नेसलेला पुरुष देशभक्तीच्या कामीही आला आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं १९०७ मध्ये. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदभूमी, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं हे रूपक आपल्या वाचकांना फोड करून सांगितलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ते करणाऱ्या महाराष्ट्र नाटक मंडळीत बायकांची कामं पुरुषच करत, तेव्हा ती द्रौपदीही पुरुषच होती. ब्रिटिश साम्राज्य पातळ नेसलेल्या एका मराठी नटाला घाबरलं, असा याचा अर्थ होतो. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी हे वाक्य अजून छापलेलं नाही.

८ जुलै १९२१ ला मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी होता. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्री शालूतल्या बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणराव राजहंसांनी, स्वराज्यासाठी पैसा उभा केला. पुरुषानं बाईचा वेश घेणं ही परकी फॅशन आहे असं हल्ली कोणी सांगू लागलं, तर त्याला ही तारीख सांगावी.

*

बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो. खाकी, पट्टा, हातात वही. ‘वॉरंट आहे तुमच्या नावाचं’ म्हणून सुरुवात करतो आणि मग यमक जुळवत असे काही गुन्हे लावतो की आरोपी हसून गडाबडा लोळतो. दहा-वीस रुपये देऊन सुटका. खऱ्या खाकीसमोर आवाज फुटत नाही त्या माणसाला वर्षातून एकदा तिच्यावर हसायची सोय, तीही घरपोच.

*

‘घाशीराम कोतवाल’चं आणि आमचं नातं दोन पदरी आहे. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेनं केलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. डुलणाऱ्या माणसांची ती प्रसिद्ध भिंत कोकणातल्या खेळ्यांच्या घाटावर उभी आहे. बाराजणांची रांग कधी पडदा, कधी रस्ता, कधी पुण्यातले ब्राह्मण. हे नमन पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९ प्रयोगांनंतर संस्थेनंच नाटक थांबवलं. नाना फडणविसांची बदनामी झाली, असा आरोप होता. कलावंत बाहेर पडले, थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं. १९८० ला परदेश दौरा ठरला तेव्हा देशाची लाज वेशीवर टांगायला निघालात म्हणून गहजब झाला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

दुसरा पदर खुद्द नानांचा. सवाई माधवराव गेल्यानंतरच्या धामधुमीत, १७९६ मध्ये, नाना पुणं सोडून महाडला येऊन राहिले. इथं बसून त्यांनी पत्रं पाठवली, माणसं जोडली, निजामाला वळवलं आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पेशवाईची वाट बांधली. इतिहासात हे महाडचं कारस्थान आणि महाडचा तह म्हणून नोंदलं आहे. असं कारस्थान जिथं शिजलं त्या गावात ‘घाशीराम’ पाहिलं की राज्यकर्त्याची बदनामी झाली असं काही वाटत नाही. उलट तेंडुलकरांनी हात आखडता घेतला, असं वाटतं.

*

वेशाची सर्वांत गंभीर गोष्टही महाडचीच आहे. २५ डिसेंबर १९२७ ला इथं भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेनंतर बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांशी वेगळं बोलणं केलं. ज्या नेसण्यावरून जात ओळखू येते ते नेसणं सोडा, ज्या कथलाच्या दागिन्यांवरून जात ओळखू येते ते दागिने काढा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते तिथंच मनावर घेतलं. सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना घोळदार लुगडं नेसायला मदत केली.

शिमग्यातलं सोंग रात्री घ्यायचं आणि पहाटे उतरवायचं असतं. जातीनं नेसवलेलं सोंग जन्मभर अंगावर असतं आणि ते सोंग आहे हेच कोणी कबूल करत नाही. महाडच्या त्या बायकांनी ते एका दिवसात ओळखलं आणि फेडलं.

चार वर्षांनी, १४ ऑगस्ट १९३१ ला, मणिभवनात गांधीजींनी बाबासाहेबांच्या देशभक्तीची वाखाणणी केली. त्यावर बाबासाहेबांनी सुनावलं की मला मायभूमीच नाही. ज्या तालुक्यात चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डोकी फुटली, त्या तालुक्याच्या माणसाला हे उत्तर कळायला भाष्य लागत नाही. देशभक्तीवरचं इतकं बोचरं वाक्य कोणत्याही सोंगाड्यानं बोललेलं नाही, आणि ते विनोदात नव्हतं.

*

याच चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या निमित्तानं शाहीर पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. फडातल्या पवळेला नाचवून मिळालेला पैसा नको, हे कारण. तमाशाचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वर्षातून एकदा वाचावं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं तमाशाचा बाज घेतला आणि नाचणारी बाई वगळली. बाईची गरज पडेल तिथं पुरुषानं पदर घेतला. तिथं लुगडं नेसण्यात गंमत होती, तसा नकारही होता.

*

कायद्याची गंमत. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाबद्दलचा कायदा १९७१ चा. त्यानुसार राष्ट्रध्वज कमरेखालच्या पोशाखात वापरणं गुन्हा आहे. ध्वजाचा मान राखायलाच हवा, त्यात वाद नाही. पण तीन रंगांचा फेटा बांधून, कपाळाला टिळा लावून, टेंडरमधली टक्केवारी ठरवणाऱ्याला रोखेल असं कलम त्या कायद्यात नाही. ते काम मावशीकडे आहे, बिनपगारी.

दुसरा कायदा १८७६ चा, नाट्यप्रयोग नियंत्रणाचा. इंग्रजांनी राजद्रोही आणि बीभत्स नाटकं रोखायला केला. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी तो केंद्राच्या कायदेपुस्तकातून निघाला. राज्यात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, ती रीत वेगळी. गावच्या मांडावरची बतावणी यातून सुटते, कारण तिला संहिताच नसते. तिला आता भीती आहे मोबाइलची. मावशीचा प्रश्न तीस सेकंदांत कापून फिरवला की मागचं कृष्णाचं दान मागणं गळतं, पुढची पेंद्याची फजिती गळते. राहतो तो लुगड्यातला बाप्या आणि त्याच्या तोंडात देशाचं नाव.

*

जर्मनीतलं एक छायाचित्र. बर्लिनचा एल्डोराडो क्लब १९२० च्या दशकात बायकांच्या वेशातल्या पुरुष कलावंतांसाठी गाजलेला. मार्च १९३३ च्या निवडणुकीत त्याच दारावर स्वस्तिकाची निशाणं आणि हिटलरचं पोस्टर लागलेलं दिसतं. क्लब आधीच बंद पाडला होता. गणवेशाची सत्ता आली की वेशाचा खेळ पहिल्या फटक्यात बंद होतो. ज्याचा सगळा डोलारा एका पोशाखावर उभा आहे, त्याला पोशाख बदलता येतो हे दाखवणारा माणूस परवडत नाही.

*

६ जूनला रायगडावर राज्याभिषेक दिन असतो. आदल्या दिवसापासून महाडातून पाचाडकडे गाड्यांची रीघ लागते. भगवे फेटे, चंद्रकोर, कोरलेली दाढी. यातला पायऱ्या चढून दम लागेपर्यंत जाणारा आणि होळीच्या माळावर डोळे भरून येणारा भक्त मी पाहिला आहे. त्याच्यावर विनोद करणारा करंटा. पण त्याच गर्दीत दाढी सोडून महाराजांकडून काहीच न घेतलेलेही असतात.

त्यांच्यासाठी ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं गेलं आहे. २०१२ चं नाटक. संकल्पना संभाजी भगतांची, लेखन राजकुमार तांगडे, दिग्दर्शन नंदू माधव. जालन्याकडची शेतकरी पोरं रंगमंचावर. यमदेव महाराजांना न्यायला येतो, आणि महाराजांचे विचार ज्या पगडीत आहेत ती बसेल असं डोकं शोधत खाली फिरतो. सगळ्यांना ती मिरवायची असते. मापाचं डोकं काही मिळत नाही. देशभक्तीच्या सोंगावर इतकी साधी कसोटी मी दुसरी पाहिली नाही.

*

आता मावशीच्या विरोधात. बरीचशी मावशी बायकांवर हसते. कुरूप बाई, वयस्क बाई, नवऱ्याच्या शोधातली बाई. काही ठिकाणी ती तृतीयपंथीयांची नक्कल होऊन बसते. मग पुढारी सुटतो आणि मार दुबळ्याच्या पाठीवर पडतो.

नट मात्र दोन्हीकडून मार खातो. गणपत पाटलांनी मराठी पडद्यावर नाच्या अजरामर केला आणि त्याची किंमत घरापर्यंत मोजली. बायको-मुलं असलेल्या या माणसाकडे लोक पडद्यातूनच पाहत राहिले. ‘रंग नटेश्वराचे’ या आत्मचरित्रात ते सारं आहे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला पैलवान याच वाटेनं जातो. रात्री ज्याच्या पदराला हसायचं त्याला सकाळी एसटी स्टँडवर ‘काय गं’ म्हणून हाक मारायची, ही आपली रसिकता.

*

वहीत लिहून पाहिलेली बतावणी. कोणाला मांडावर घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, माझं नाव नको.

पेंद्या : मावशे, थांब. दान दिल्याबिगर पुढं जायाचं न्हाय.

मावशी : कसलं दान रं मेल्या?

पेंद्या : देशासाठी. अर्धी घागर दूध.

मावशी : देशाला दूध लागतंय? मग त्यालाच धाड की मडकं घिऊन.

पेंद्या : देश असा येत न्हाय. मी त्याचा मानूस. (घागर तोंडाला लावतो.)

मावशी : अगं बया! देशाच्या मिशीला साय लागली की!

पेंद्या : तोंड सांभाळ. मी देशभक्त हाय.

मावशी : चिठ्ठी हाय कुनाची?

पेंद्या : चिठ्ठी कशाला? डोस्क्यावरचा फेटा बघ की.

मावशी : (त्याच्याभोवती फेरी मारून) बघितला. मला बी लुगडं हाय. म्हनून मी बाई झाले व्हय?

इथं ढोलकी.

*

महाड-पोलादपूरच्या मंडळांना शेवटचं सांगणं. नाच रेकॉर्ड होतो, गाणी यूट्यूबवर चढतात, बतावणी मात्र कोणी टिपून ठेवत नाही. ती करणारे सत्तरीला आलेत आणि त्यांच्याबरोबर ती जाणार आहे. या शिमग्याला गावी याल तेव्हा आपल्या वाडीतल्या जुन्या मावशीला गाठा. चहा पाजा, तिच्याकडून चार बतावण्या बोलून घ्या, साल आणि वाडीचं नाव घालून वहीत उतरवा. आणि वगात पुढारी ठेवायचा असेल तर आपल्या पक्षाचा ठेवा. दुसऱ्याच्या पुढाऱ्यावर हसायला मावशी लागत नाही.